पाच नंबरची वही

मी पडदा बाजूला करून आत आले, तशी त्या धाकट्या सिस्टरनं वही मिटली. घाईनं नाही, सावकाश, पेन आतच ठेवून. घाईनं मिटली असती तर मला एवढं लागलं नसतं.

काय लिहितेस म्हणून विचारलं तर म्हणाली, "महासंघाचं आहे, सिस्टर. नंतर दाखवते." आणि वही खिशात टाकून पाच नंबरच्या कानाशी वाकली. "दादा, आता तुम्हाला डाव्या कुशीवर वळवतोय हं." पाच नंबर तेरा दिवस बेशुद्ध होता. तोंडात श्वासाची नळी, नळीला मशीन, गुंगीत ती ओढू नये म्हणून दोन्ही मनगटं मऊ पट्ट्यांनी खाटेला बांधलेली, झोपेचं औषध थेंबाथेंबानं चालू. त्याला डावं काय आणि उजवं काय. हे मी तिला दोनदा बोलून दाखवलं होतं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

आम्ही त्याला वळवलं, पाठ पुसली, चादर ताणली. दोघींचे हात सवयीनं चालत होते, माझे डोळे मात्र तिच्या खिशाकडं. वही तपकिरी पुठ्ठ्याची, शाळकरी मुलांची असते तशी, आणि अर्ध्याच्या वर भरलेली. एवढं काय लिहिण्यासारखं असतं आमच्याकडं? जे लिहायचं ते आम्ही चार्टवर लिहितो. दर तासाला नाडी, दाब, ताप, ऑक्सिजन, लघवी. त्याच्या बाहेर कोणी काही लिहीत असेल तर ते कोणाच्या तरी विरुद्ध असतं, असा माझा सत्तावीस वर्षांचा अनुभव आहे.

अतिदक्षता विभागात संशय हा गुण समजतात. मॉनिटर काहीही दाखवो, आधी रुग्णाच्या ओठांचा रंग बघायचा. सिरिंजवर लेबल असलं तरी कोणी भरली ते विचारायचं. डॉक्टर 'ठीक आहे' म्हणाले की एकदा स्वतः मोजायचं. मुली पाठीमागं मला 'एक्स-रे' म्हणतात हे मला ठाऊक आहे, आणि त्याचं वाईट वाटत नाही. आमचे हे म्हणतात, तुला स्वर्गात नेलं तरी तू आधी खिडक्यांच्या कड्या तपासशील. तपासीन की. कोणीतरी तपासायला हव्यात.

पण त्या सोमवारी मनात होती ती धास्ती कामातली नव्हती. ती माझ्या स्वतःच्या कातडीची होती. का, ते सांगते.

दोन दिवसांपूर्वी, शनिवारी, पाच नंबरची नळी निघाली होती. आठ खाटा, त्यातले चार मशीनवर, आणि आम्ही दोघी. ती खाली औषधं आणायला गेलेली. मी पाच नंबरचं अंग पुसत होते. उजव्या मनगटाला पट्ट्यानं लाल झालं होतं, म्हणून जरा मलम लावावं म्हणून मी तो पट्टा सोडला. तेवढ्यात सात नंबरचा अलार्म वाजला. दोन मिनिटांत येते म्हटलं आणि गेले, पट्टा तसाच. परत आले तर त्यानं मोकळ्या हातानं नळी ओढून काढलेली आणि ओठ निळे पडत चाललेले. मी तोंडावर मास्क दाबून धरला आणि हवेचा फुगा हातानं दाबत त्याला श्वास देत राहिले. चार मिनिटांनी डॉक्टर आले, नळी पुन्हा बसली, माणूस वाचला.

इथवरचं कोणाच्याही हातून होतं. पुढचं आमच्याच लोकांच्या हातून होतं. चार्टच्या तळाला एक ओळ असते: नळीची गाठ आणि हाताचे पट्टे तपासले. दर तासाला टिक करायची. दोघींनी आठ जण बघायचे तर दर तासाला टिक करायला सवड कोणाला? मग सकाळी ड्युटीवर आलं की आम्ही ती ओळ दुपारी दोनपर्यंत एका दमात भरून टाकतो. सगळ्याच भरतात. मीच शिकवलंय त्यांना. शनिवारी नळी निघाली तेव्हा घड्याळात अकरा चाळीस झाले होते आणि माझ्या चार्टवर दुपारचे दोन वाजून गेले होते.

मेट्रन वर येते आहे असा निरोप आला. मी नवा कागद घेतला, सगळं पुन्हा लिहून काढलं, आणि अकराच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं: दोन्ही पट्टे बांधलेले. जुना कागद फाडून पिवळ्या पिशवीत टाकला. पिवळी पिशवी जाळायच्या कचऱ्याची. रक्त लागलेला कापूस, ड्रेसिंगं, सगळं तीत जातं आणि त्यातलं काही परत येत नाही. कागद फाडताना पडद्यापलीकडं कोणाची तरी सावली हलली, असं मला तेव्हाच वाटलं होतं. त्या वेळी माझ्याखेरीज विभागात हिंडतीफिरती बाई एकच होती.

ती आमच्याकडं आली त्याला दीड वर्ष झालं. गेल्या वर्षी मेट्रननं तिला अतिदक्षता परिचारिकांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या परिषदेला पाठवलं. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं, पण विचारायला काय जात होतं? येताना ती एक कापडी पिशवी, एक पेन आणि एक मोठा कागद घेऊन आली. तो कागद आमच्या चहाच्या खोलीत भिंतीवर लागला: आपली समान मूल्यं आणि ध्येयं. कुठकुठल्या देशांतल्या सिस्टरांनी म्हणे ती मिळून मान्य केलेली. रुग्ण आणि त्याचं कुटुंब केंद्रस्थानी. प्रामाणिकपणा. परस्परांचा आदर. जे येतं ते दुसरीला शिकवायचं, एकमेकींना साथ द्यायची. मशीनवरच्या प्रत्येक रुग्णामागं एक प्रशिक्षित परिचारिका. आणि शेवटी, आपला आवाज जगभर ऐकू जावा.

मी चहा पिता पिता वाचलं आणि म्हटलं, आमचा आवाज लिफ्टवाल्याला ऐकू जात नाही, जगाचं मागून बघू. प्रत्येकामागं एक परिचारिका महासंघ पोस्टानं पाठवणार आहे का, तेही विचारून घेतलं. सगळ्या हसल्या. तीही हसली, पण तेव्हापासून तिनं मला आपणहून काही सांगणं सोडलं. मी तिचं नाव 'महासंघ' पाडलं आणि ते चिकटलं. महासंघ, दोन नंबरचं सलाईन बघ. महासंघ, बाहेर नातेवाईक थांबलेत. ती बघायची, जायची, चिडायची नाही. जो माणूस चिडत नाही त्याच्यावर माझा भरवसा बसत नाही.

मंगळवारी भेटीच्या वेळेला मी माझ्या टेबलावरून काचेतून बघत होते. पाच नंबर हा फरशी बसवणारा कारागीर, पंचेचाळिशीचा. न्यूमोनिया अंगावर काढला आणि शेवटी आडवा होऊनच आमच्याकडं आला. त्याच्या बायकोला दिवसातून दोनदा पंधरा पंधरा मिनिटं आत सोडायचो. बाकी वेळ ती बाहेरच्या बाकावर असायची, मांडीवर पिशवी घेऊन. त्या दिवशी महासंघनं तिच्या हातात तीच तपकिरी वही दिली. बाई खाली बघून लिहायला लागली. मधेच डोळे पुसले. लिहून झाल्यावर दोघी माना जवळ आणून काहीतरी बोलल्या, आणि बाईनं वर बघितलं ते थेट माझ्या टेबलाकडं.

मनात शंकेची पाल चुकचुकते म्हणतात. माझ्या तर सगळ्या भिंती पालींनी भरून गेल्या. आता सरळच होतं. ही साक्ष लिहून ठेवते आहे, वर रुग्णाच्या बायकोची सही घेते आहे. त्याच दुपारी मेट्रननं खाली बोलावून सांगितलं की शुक्रवारी चौकशी समिती बसेल, आम्हा दोघींनाही विचारतील, आणि रुग्णाबाबत जे काही लेखी आहे ते सगळं समोर ठेवलं जाईल. 'जे काही लेखी आहे' असं म्हणताना तिनं माझ्याकडं बघितलं की फाइलकडं, यावर मी पुढचे दोन दिवस विचार करत बसले.

माझ्या निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. सत्तावीस वर्षांत माझ्या सेवापुस्तकात एक शेरा नाही. विभागात कुठला रुग्ण बिघडला की डॉक्टर आधी विचारायचे, मोठ्या सिस्टर आहेत का? एवढंच माझं कमावलेलं. तेच जायची वेळ आली होती आणि तेही कालच्या पोरीच्या वहीमुळं. घरी मी ह्यांना काही सांगितलं नाही. ताटातलं निम्मं तसंच राहिलं तेव्हा ह्यांनी विचारलं, कोणी बोललं का तुला? मी म्हटलं, अजून नाही.

गुरुवारी दुपारी ती जेवायला गेली आणि वही पाच नंबरच्या उशाकडच्या कप्प्यात राहिली. मी कप्पा उघडला, वही घेतली आणि चादरींच्या खोलीत गेले. दार लोटलं. वाचायला हवीच होती. भराभर पानं उलटली. शनिवारचं पान सापडलं. तिचं अक्षर गोल, मोठं.

"दादा, आज सकाळी अकरा चाळीसला तुमची नळी निघाली. मी खाली गेले होते. वर आले तेव्हा मोठ्या सिस्टर एकट्याच होत्या. तुमचा उजवा पट्टा सुटलेला होता आणि…"

बाहेर ट्रॉलीची चाकं वाजली. मी पान मिटलं. पुढं वाचायची गरजच काय होती? मला हवं होतं ते, म्हणजे मला नको होतं ते, मिळालं होतं. मी विभागात परत आले, वही वापरलेल्या ड्रेसिंगांच्या खाली पिवळ्या पिशवीत घातली आणि पिशवीला गाठ मारली. कचऱ्याची गाडी नेणारे मामा अडीचला आले. मी स्वतः पिशवी उचलून दिली. मामा म्हणाले, तुम्ही कशाला त्रास घेता, सिस्टर? मी म्हटलं, जड नाही.

महासंघ परत आली आणि कप्पा उघडून बघितला, मग गादीखाली, मग खाटेखाली वाकून. मला विचारलं, वही दिसली का? नाही म्हटलं. सत्तावीस वर्षांत मी रुग्णाच्या नातेवाइकांना पुष्कळदा अर्धं खरं सांगितलंय, धीर राहावा म्हणून. पण इतकं निखळ खोटं इतक्या सहज मला येतं, हे त्या दिवशी कळलं.

शुक्रवारी समितीत तिघे होते: मेट्रन, मोठे डॉक्टर आणि कार्यालयातले एक साहेब. माझं आधी झालं. चार्टवर आहे तेच मी सांगितलं. मग तिला बोलावलं, आणि मला बाहेर जा म्हणून कोणी सांगितलं नाही म्हणून मी खुर्चीतच बसून राहिले. साहेबांनी विचारलं, पट्टा बांधलेला होता का?

"मी आले तेव्हा उजवा सुटलेला होता," ती म्हणाली. "कसा सुटला ते मला माहीत नाही. मी नव्हते तिथं. मी आल्यावर जे बघितलं ते सांगू का?"

सांगा म्हणाले. तिनं सांगितलं की मोठ्या सिस्टर फुगा दाबत होत्या आणि रुग्णाच्या छातीकडं बघून मोठ्यानं आकडे मोजत होत्या. त्यांचा हात कापत नव्हता. सात नंबरचा अलार्म अजून चालूच होता, आणि तेवढ्यातून त्यांनी तिला ओरडून सांगितलं की आधी सात नंबर बघ, ह्याला मी सोडत नाही. चार मिनिटं त्यांनी त्याला सोडलं नाही. मग ती म्हणाली की हे सगळं तिनं त्याच दिवशी लिहून ठेवलं होतं, पण ती वही हरवली. साहेबांनी विचारलं, कसली वही? तेव्हा मेट्रननंच सांगितलं. महासंघाच्या परिषदेत ह्या मुलीनं हे शिकून आणलं होतं. बेशुद्ध रुग्णासाठी सिस्टरांनी रोज चार ओळी लिहायच्या, घरच्यांनीही लिहायच्या. माणूस शुद्धीवर आला की त्याच्या डोक्यात मधल्या दिवसांचं काही नसतं, असलं तर भयंकर भास असतात, आणि मग तो घरच्यांवरही विश्वास ठेवत नाही. वही वाचून त्याला आपले दिवस परत मिळतात. एका रुग्णावर करून बघ, अशी परवानगी मेट्रननं दिली होती. मोठ्या सिस्टरांना का नाही सांगितलंस, असं मेट्रननं विचारलं, तर ती खाली मान घालून म्हणाली, त्या हसतील म्हणून.

शेवटी तिनं समितीला एवढंच विचारलं की मशीनवरच्या चार जणांना दोन सिस्टर कशा पुरतील, हे कोणी कधी लिहून ठेवणार आहे का. पट्टा जुना होता, गाठ सरकली, असा समितीनं निष्कर्ष काढला. माझ्यावर ठपका नाही. तिसरी सिस्टर देण्याचा विचार होईल. बाहेर आल्यावर तिनं मला पाणी आणून दिलं. मी ते प्यायले. आयुष्यात मला कशाची एवढी लाज वाटली नसेल.

एवढ्यावर मिटलं असतं तरी मी ती लाज घेऊन चौदा महिने काढले असते. माणूस काढतो. पण रविवारी पाच नंबरची नळी निघाली, ह्या वेळी रीतसर, आणि मंगळवारी त्याला आवाज फुटला.

त्यानं आधी विचारलं, किती दिवस? एकोणीस म्हटल्यावर तो आमच्याकडं असा बघत राहिला, जणू आम्ही त्याला फसवतोय. बायको म्हणाली, मी रोज येत होते, दोनदा. तो म्हणाला, तू नव्हतीस. इथं कोणी नव्हतं. तिनं पुढं केलेला पाण्याचा पेला त्यानं घेतला नाही. भिंतीकडं तोंड केलं. दुसऱ्या दिवशी त्यानं डॉक्टरांना अडखळत सांगितलं, "कोणीतरी माझा हात सोडला. उजवा. बाईचा हात होता. मग माझा श्वास बंद केला."

डॉक्टर समजावत होते की झोपेच्या औषधांनी असे भास होतात. तो ऐकेना, तेव्हा त्यांनी चार्ट काढून त्याच्यासमोर धरला. "हे बघा, पट्टे बांधलेले होते तुमचे. लिहिलंय इथं." माझं स्वच्छ अक्षर. बायको म्हणाली, "अहो, भास होता तो. सगळे सांगतायत ना." त्यानं एकदा चार्टकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. "म्हणजे तूही ह्यांच्यातलीच," तो म्हणाला, आणि तिला बाहेर जायला सांगितलं.

मी औषधाच्या कपाटाशी उभी होते. त्याला सोडून तिथं सगळ्यांनाच वाटत होतं की आपल्याला खरं ठाऊक आहे, आणि खरं फक्त त्याला आणि मला ठाऊक होतं. बाई बाहेर येऊन महासंघला विचारत होती, ती वही मिळाली का हो? त्यांना दाखवली असती तर पटलं असतं. मी रोज लिहीत होते ना त्यात. महासंघ म्हणाली, शोधतेय.

चहाच्या खोलीत आम्ही दोघीच होतो तेव्हा मी तिला सांगितलं. वही, पिवळी पिशवी, आणि आधीचा फाडलेला कागद, सगळं. ती हातातला कप विसळत होती. तो स्वच्छ झाल्यावरही विसळत राहिली.

"किती वाचली होतीत?" तिनं विचारलं.

"अर्धं पान."

"पुढचं अर्धं वाचायचं होतंत, सिस्टर." एवढंच. कप पालथा ठेवला, हात पुसले आणि म्हणाली, "जुने चार्ट रेकॉर्डमधून काढून देते. तुम्ही लिहायला बसा."

तीन दिवस ड्युटी संपल्यावर मी रेकॉर्डच्या खोलीत बसले. समोर एकोणीस दिवसांचे चार्ट, हातात नवी वही. मला वाटलं होतं तासाभराचं काम. पण चार्टवर नुसते आकडे. ताप एकशे तीन. ऑक्सिजन पंच्याऐंशी. त्याचं वाक्य कसं करायचं ते मला येईना. सत्तावीस वर्षं मी रुग्णांबद्दल लिहीत आले, पण एकाही रुग्णाला उद्देशून मी कधी एक ओळ लिहिली नव्हती. शेवटी ती शेजारी बसली आणि म्हणाली, तुम्ही त्यांच्याशी बोलताय असं समजा. मी लिहिलं, "दादा, आज तुम्हाला फार ताप होता. आम्ही दर अर्ध्या तासानं कपाळ पुसत होतो." मग हळूहळू जमत गेलं. बायकोनं काय लिहिलं होतं ते आम्हाला माहीत नव्हतं. प्रत्येक दिवसाचं खालचं अर्धं पान मी कोरं सोडलं.

शनिवारचं पान सगळ्यांत शेवटी लिहिलं. "दादा, उजवा पट्टा मी सोडला होता. मलम लावायला. तो पुन्हा न बांधता मी दुसऱ्या रुग्णाकडं गेले. तुमचा भास नव्हता. चार्टवर जे आहे ते मी मागून लिहिलं आहे आणि ते खोटं आहे." खाली पूर्ण नाव लिहून सही केली.

ती वही मी आधी मेट्रनकडं नेली. तिनं ते पान वाचलं, चष्मा काढला आणि दार लावून घेतलं. समितीचा निर्णय झालाय, ती म्हणाली. चौदा महिने राहिलेत तुमचे. जुनी मढी कशाला उकरता? तुम्ही हे त्याच्या हातात दिलंत तर मला कारवाई करावी लागेल, सेवापुस्तकात शेरा आणि सोमवारपासून बदली. मी म्हटलं, करा. मी घाबरले नव्हते असं नाही, चांगलीच घाबरले होते. पण तो माणूस बायकोच्या हातचं पाणी पीत नव्हता.

आता तो खालच्या सामान्य वॉर्डात होता, खिडकीजवळच्या खाटेवर, पाय पसरून. बायको खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तो तिला बस म्हणत नव्हता आणि ती जात नव्हती. मी वही दिली आणि काय आहे ते सांगितलं. त्यानं आधी मागचं पुढचं पान उलटून बघितलं, मग बोट ठेवून वाचायला लागला. वाचायला त्याला फार वेळ लागला. शनिवारचं पान दोनदा वाचलं.

"ह्या तुम्ही?" त्यानं सहीवर बोट ठेवलं.

"मी."

त्यानं आपलं उजवं मनगट उलटंसुलटं करून बघितलं. मग माझ्याशी नाही, खिडकीशी बोलल्यासारखा म्हणाला, "आमच्यात एखादा कारागीर आपणहून सांगतो, की ही एक फरशी माझ्या हातून तिरकी बसली. त्याच्या बाकीच्या फरश्या मी कधी तपासत नाही."

त्यानं पाय जरा आत घेतले. बायकोला ते कळायला एक क्षण लागला. मग ती खाटेच्या कडेवर बसली.

"ही पानं खाली अर्धी कोरी का?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं की ती ह्यांची जागा आहे. ह्या रोज लिहीत होत्या, आणि ती वही मी जाळायच्या कचऱ्यात टाकली. बाईला हे माहीत नव्हतं. महासंघनं तिला सांगितलं नव्हतं, ते माझ्यासाठी ठेवलं होतं.

"सगळी?" तिनं विचारलं.

"सगळी."

तिनं नवऱ्याच्या हातातून वही घेतली आणि प्रत्येक पानाचा कोरा भाग शेवटपर्यंत बघत गेली. मी उभीच होते. मला कोणी बसा म्हटलं नाही आणि ते बरोबरच होतं. सोमवारपासून मला बाह्यरुग्ण विभागातल्या ड्रेसिंगच्या खोलीत जावं लागणार होतं. सेवापुस्तकात शेरा लागणार होता. त्या घटकेला मला त्याचं काही वाटत नव्हतं. मला एवढंच वाटत होतं, की तिनं मला चार शब्द बोलावेत.

तिनं पहिल्या दिवसाचं पान काढलं आणि माझ्याकडं पेन मागितलं. पहिल्या दिवशीचं मला आठवतं, ती म्हणाली, नंतरचं नाही आठवायचं. मी पेन दिलं. ती मांडीवर वही घेऊन लिहायला लागली, आणि तो मान वाकडी करून, अक्षर लागेल तसं वाचायला लागला. दोन ओळी लिहून ती थांबली. पुढं काही सुचेना. तो मात्र पुढच्या ओळीची वाट बघत पेनाच्या टोकाकडं बघत राहिला.